अरणेचा उगम कुठं?

"बाई, अरणा आमच्या कुंडातूनच निंगते. त्यात काही वाद नाई. तुमी आणखीन एक रोडगा घ्या."

शामराव गावंड्यांनी ही दोन वाक्यं अशी जोडून म्हटली, की नदीच्या उगमाचा आणि रोडग्याचा जवळचा संबंध असावा असं कुणालाही वाटलं असतं. मी नको नको म्हणेपर्यंत निखाऱ्यावर भाजलेला तो कणकेचा गोळा ताटात पडला, फोडला गेला आणि त्यावर तुपाची धार सुरू झाली. ती थांबवायला मी हात पुढे केला, तर तूप माझ्या बोटांवर.

"असू द्या," शामराव म्हणाले. "हात मऊ रायला म्हणजे लेखणी चांगली चालते."

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची, आमचा देवळखेड जिल्हा नुकताच जन्माला आला होता तेव्हाची. मोठ्या जिल्ह्यातून आमचे डोंगराकडचे तालुके वेगळे काढले, त्यांना एक कलेक्टर दिला, एक पाटी दिली आणि सांगितलं, आता तुम्ही जिल्हा. जिल्हा झाला म्हणजे तिसरीच्या मुलांना त्याचं भूगोलाचं पुस्तक लागणार. जुन्या पुस्तकात आमच्या वाट्याला एकच ओळ आली होती: 'या भागात डोंगर असून येथील लोक काटक आहेत.' लोक काटक आहेत असं पुस्तकात लिहिलेलं असलं, की तिकडे रस्ते नाहीत असं समजावं. हे मला पुढे कळलं.

पुस्तकाच्या समितीत आम्ही दोघंच मनापासून काम करणारे होतो. इतिहासाला काळमेघ सर, आणि भूगोल व उद्योगधंदे यांना मी, विमल निंभोरकर, कन्याशाळेतली शिक्षिका. सर निवृत्त झालेले, धोतर-कोट घालणारे, आणि फार दुःखी. त्यांना आमच्या जिल्ह्यात इतिहास सापडत नव्हता.

"फौजा इथून गेल्या हो," ते म्हणायचे. "उत्तरेकडून दक्षिणेकडे गेल्या, दक्षिणेकडून उत्तरेकडे गेल्या. पण थांबलं कुणी नाही. पाणी प्यायले अन् गेले."

"मग तेच लिहा, सर. आपल्या जिल्ह्यानं सगळ्यांना पाणी पाजलं."

त्यांनी खरंच तसं लिहिलं.

माझ्याकडे उलट गर्दी होती. पुस्तकात 'प्रसिद्ध ठिकाणे' असा धडा आहे ही बातमी फुटल्यापासून जिल्ह्यातलं प्रत्येक गाव प्रसिद्ध होऊ लागलं. कुणाची मिरची प्रसिद्ध, कुणाच्या विहिरीचं पाणी पचायला हलकं म्हणून प्रसिद्ध. एका गावात भीम जेवला होता, तर त्याच्या शेजारच्या गावात त्यानं हात धुतले होते. उद्योगधंद्यांत सरकी काढण्याचा एक जिनिंग कारखाना होता. तो बंद होता, पण मालकाचा आग्रह होता की चित्र छापाच.

मात्र खरी लढाई अरणेवरून होती. जिल्ह्यातली सर्वांत मोठी नदी. 'ती अमुक ठिकाणी उगम पावते' एवढं वाक्य पूर्ण करायचं होतं, आणि त्या अमुक जागेवर दोन गावं हक्क सांगत होती. कुंडी गावात महादेवाच्या देवळापुढे दगडी कुंड होतं, त्यातून ओढा निघायचा. मधला डोंगर ओलांडला की उंबरझरी. तिथे उंबराच्या मुळाशी झरा होता, त्याचाही ओढा. दोन्ही ओढे खाली एकत्र येत आणि तिथून पुढे लोक अरणा म्हणत.

यात सरकारनं आणखी तेल ओतलं होतं. नव्या जिल्ह्याला मिरवण्यासारखं काहीतरी हवं, म्हणून नदीच्या उगमापर्यंत पक्का रस्ता करायचं ठरलं होतं. पण उगम कुठे, याला बांधकामवाल्यांना छापील आधार हवा होता. "क्रमिक पुस्तकात येईल ते आम्हाला मान्य," असं तिथल्या साहेबांनी सांगून टाकलं आणि हात झटकले. म्हणजे रस्ता कुठे जाणार ते मी ठरवणार होते! माझ्या ताटातल्या तुपाचं कारण हे होतं.

"उंबरझरीलाही जाऊन बघते," मी हात धुताना म्हटलं.

शामरावांचा चेहरा उतरला. "पाहा ना. डोळे देवानं पाह्यालेच दिले. पण तथी जेवू नका. पाणी बाधते."

दुसऱ्या दिवशी उंबरझरीला पोचले. बळीराम ढोके वेशीवरच उभे होते. शामराव जाडे, गोरे, सावकाश बोलणारे. बळीराम काटकुळे, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला दम लागावा.

"कुंडीले जेवल्या म्हणे तुमी? काय होतं? रोडगे? बरोबर. दुसरं येते काय त्याईले? आमच्या इथं पुरण हाय. चला."

मी झरा आधी बघते म्हटलं तर म्हणाले, "झरा कुठं पळून जाते? पुरण थंडं होते."

वाढायला त्यांची सून होती. शेवंता. पंचविशीच्या आतली, सावळी, डोळ्यांत कायम काहीतरी खोडी असल्यासारखी. तिनं पोळी वाढली आणि सासरे पाणी प्यायला वळले तेव्हा हळूच विचारलं,

"बाई, कुंडीचे रोडगे कसे होते?"

"चांगले होते."

"माह्या मायच्या हातचे होते ते," ती म्हणाली. "मी शामराव गावंड्याची पोरगी."

मी ताटातून वर बघितलं. "म्हणजे हे दोघं व्याही?"

"इवाई तं हायेतच. पण बोलत नाईत. माह्या लग्नात दोघं एका घोंगडीवर बसून पानं खात होते. आता एक उगवतीले पाहाते तं दुसरा मावळतीले." तिनं तूप वाढलं. या घरीही तूप थांबत नव्हतं. "तुमाले काय वाटते, नदी कोणाची?"

"तुला काय वाटतं?"

"मले? मी तं माहेरचंही पाणी प्याली अन् सासरचंही. मले दोन्हीकडं हंडा डोक्यावरच घ्या लागला."

झरा बघितला. सुंदर होता, अगदी चित्रातल्यासारखा. अडचण अशी होती की कुंडही तितकंच सुंदर होतं. माझ्यापाशी नकाशा होता, पण त्यावर त्या भागात निळ्या रेघा अशा गुंतल्या होत्या, की काढणाऱ्याला पेंग आली असावी. मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले होते: जो प्रवाह सर्वांत लांब, त्याचा आरंभ तो नदीचा उगम. पण एकाही नदीचा उगम मी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. सगळ्या नद्या माझ्या खडूतून निघाल्या होत्या.

म्हणून मी दोघांनाही निरोप धाडला. उद्या सकाळी दोन ओढे मिळतात तिथे या. आपण तिथून वर चालत जाऊ, आणि जो प्रवाह लांब निघेल त्याचं नाव पुस्तकात. दोघांनीही लगेच कबूल केलं, कारण दोघांनाही आपलाच लांब याची खात्री होती. भाकरी-पाणी कुणी आणायचं यावर मात्र अडलं. हे त्यांच्या हातचं खाणार नाहीत, ते यांच्या. शेवटी दोन्हीकडून मान्य अशी एकच व्यक्ती निघाली: शेवंता.

चैत्र होता. पळस फुलून झडला होता आणि मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या. संगमावर शामराव आधीच येऊन एका दगडावर बसले होते. बळीराम आले आणि बरोबर समोरच्या दगडावर, पाठ करून बसले. शेवंता मध्ये उभी राहून म्हणाली, "झालं. निंगा आता."

मी ओढ्यांकडे बघितलं, आणि तेव्हा मला ते दिसलं. दोन ओढ्यांच्या मधोमध एक तिसरी वाट खाली उतरत होती. कोरडी, गोट्यांनी भरलेली, पण दोन्ही ओढ्यांहून रुंद.

"हे काय आहे?"

"तो?" शामराव म्हणाले. "तो वाघनाला. त्याच्यात पाणी नाई."

"पावसाळ्यात?"

मग बळीराम समोरच्या मोहाच्या झाडाला उद्देशून म्हणाले, "पावसाळ्यात येते थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती, मामाजी?" शेवंतानं विचारलं. "मागल्या साली त्यानं म्हैस वाहून नेली."

म्हैस वाहून नेणारा नाला मला वगळता येईना. मी म्हटलं, आधी याच्या वर जाऊ. दोघा व्याह्यांनी एकमेकांकडे क्षणभर बघितलं. काही वर्षांनंतरची ती पहिली नजरानजर असावी. दोघांच्याही डोळ्यांत एकच भाव होता: ही बाई आता काय करून ठेवते!

आम्ही चालू लागलो. नाला संपेल संपेल म्हणता संपत नव्हता. वळणाआड आणखी वळण. गोट्यांवरून माझ्या चपलांची दशा झाली. सागाची झाडं लागली, ती सरली, उघडं माळरान आलं. एका ठिकाणी वाळू ओली दिसली. त्याच्या वर थोडं पाणी साचलेलं. आणखी वर गेलो तर बोटभर धार, पण वाहती. ती दिसली तशी शामरावांची चाल मंदावली आणि बळीरामांचं बोलणं बंद झालं.

कुंड आणि झरा दोन्ही केव्हाच खाली राहिले होते. पठारावर पोचलो तेव्हा गवतात चुना लावलेला एक दगड होता. त्याच्यावर एका बाजूला आमच्या नव्या जिल्ह्याचं नाव ताज्या काळ्या रंगात, आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या जिल्ह्याचं. नाल्याची धार त्या दगडाला वळसा घालून पलीकडून येत होती.

"थांबा," बळीराम म्हणाले. "इथंच उगम."

"अहो, पाणी पलीकडून येतंय."

"पलीकडं आपला जिल्हा नाई."

"पाण्याला कुठं माहीत आहे?"

मी दगड ओलांडला. जरा वर एका वाडीच्या मागं चिखलानं भरलेलं मोठं डबकं होतं. त्यात काळ्याभोर म्हशी गळ्यापर्यंत बसल्या होत्या आणि आमच्याकडे अतिशय शांतपणे बघत होत्या. डबक्याच्या कडेला खडकातून पाणी पाझरत होतं, आणि एका म्हशीच्या पाठीमागून पातळ, गढूळ धार निघून आमच्या जिल्ह्याकडे चालली होती.

काठावर एक म्हातारा उकिडवा बसून तंबाखू मळत होता. मी विचारलं, "बाबा, याला काय म्हणतात?"

"याले?" त्यानं डबक्याकडे असं बघितलं जणू प्रथमच बघतोय. "डबकं म्हणतो बाप्पा. म्हशीचं."

"हे पाणी उन्हाळ्यातही असतं?"

"म्हशी कुठं जातीन मंग?"

मी मागे वळले. शामराव आणि बळीराम शेजारीशेजारी उभे होते. ज्या नदीसाठी एकानं रोडगे आणि दुसऱ्यानं पुरणाच्या पोळ्या खर्ची घातल्या, ती एका परक्या म्हशीच्या शेपटीखालून निघत होती.

"इवाईबुवा," शामराव हळूच म्हणाले.

"बोला," बळीराम म्हणाले.

"ह्या लोकाईनं आपली नदी दाबून ठेवली."

"म्हशी बसवल्या तिच्यावर," बळीराम म्हणाले.

शेवंतानं पदर तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते. मलाही हसू आवरेना, पण समितीची सदस्य म्हणून मी ते आवरलं.

परत फिरताना सीमेच्या दगडापाशी एका मोहाखाली भाकरी सोडली. तिथे शामरावांनी विषय काढला. आवाजात परवाचा गोडवा नव्हता.

"बाई, आता तुमी काय लिहिसान?"

"पाहिलं तेच. अरणा शेजारच्या जिल्ह्यात उगम पावते."

"मंग रस्ता?"

"रस्ता उगमापर्यंत आहे. उगमच इथं नाही म्हटल्यावर..."

"कुंडी लिहा," बळीराम अचानक म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शामरावही दचकले.

"हो, कुंडी लिहा. माही हरकत नाई. सही करून देतो. कोणाचा तरी होऊ द्या."

"मला खोटं नाही लिहिता येणार, बळीरामजी. जिल्ह्यातली सगळी मुलं ते पाठ करणार."

"पोरं काय, भीमानं हात धुतलेही पाठ करतीन," शामराव तडकले. ते उठले आणि थोडं दूर जाऊन पाठमोरे उभे राहिले. बळीराम त्यांच्यामागे गेले. भाकऱ्या तशाच राहिल्या.

मला राग आला होता. मानासाठी एवढी हमरीतुमरी, आणि मान गेला तर निदान रस्ता द्या म्हणून गयावया! मी शेवंताला तसं म्हणालेही. "गावाचं नाव पुस्तकात आलं नाही तर एवढं काय बिघडतं?"

ती भाकरी फडक्यात बांधत होती. तिनं वर बघितलं नाही.

"नावाचं नाई ते, बाई. तुमाले कोणी सांगतलं नाई काय? मले पयलं लेकरू होणार होतं, भर पावसात. अडली. मामाजीनं खाटेवर घातलं, चौघांनी उचललं, अन् घाट उतरून डांबरीपर्यंत न्यायले निंगाले. चिखल एवढा, दर पावलाले पाय रुतत होते. दवाखान्यात पोचलो तं डाक्टरीण म्हणे, थोडं अगोदर आणलं असतं तं." तिनं गाठ मारली. "बाबा मामाजीले म्हणे, तुमी उशीर केला. मामाजी म्हणे, पोरगी पयल्या बाळंतपणाले माहेरी न्याची असते, तुमी काहून नेली नाई? तवापासून बंद बोलणं. आता एक म्हणते रस्ता कुंडीले पायजे, पोरगी माह्याकडून दवाखान्यात जाईन. दुसरा म्हणते उंबरझरीले पायजे, सुनेले कुठं न्यायचंच काम पडू नये. नदी गेली खड्ड्यात. त्याईले नदीचं काय?"

आणि मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाकर खाता काय आणखीन? उरली हाय."

मी मानेनंच नको म्हटलं. दूर माळावर दोघं म्हातारे उभे होते, एक जाडा आणि एक काटकुळा, आणि बळीराम हातवारे करून काहीतरी सांगत होते. मला वाटत होतं की उठून जावं आणि म्हणावं, लिहिते मी कुंडी, लिहिते उंबरझरी, दोन्ही लिहिते. मी उठलेही. पण मी पोचण्याआधीच ते वळून माझ्याकडे आले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर अशी काही चमक होती की मी थबकले.

"बाई," बळीराम म्हणाले, "तुमी खरंच लिहा."

"अगदी जसंच्या तसं," शामराव म्हणाले. "फक्त आमाले त्याची एक नक्कल द्या."

त्या नकलेचं त्यांनी काय केलं ते मला काळमेघ सरांकडून कळलं. ते त्या वेळी काही कामानं बांधकामाच्या कचेरीत बसले होते. दोघे व्याही साहेबांसमोर एकाच बाकावर जाऊन बसले. आजवर त्यांनी त्या टेबलावर खाटेची गोष्ट सांगितली होती, चिखलाची सांगितली होती, साहेबांनी मान हलवली होती. या वेळी त्यातलं काहीच सांगितलं नाही.

शामराव म्हणाले, "साहेब, आपल्या जिल्ह्याची नदी दुसऱ्याच्या जिल्ह्यात उगम पावते."

साहेब म्हणाले, "असं?"

बळीराम म्हणाले, "अन् तिकडच्या म्हशी आपल्या नदीत बसून रायल्या."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "आपल्या नदीत?"

"रोज. आपला माणूस तथी पाहाले जातो म्हणन तं रस्ता नाई."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. नवा जिल्हा, नवा साहेब, आणि शेजारच्या जिल्ह्यानं आपली नदी म्हशींखाली घातलेली! फाइल हलली. काही महिन्यांत 'जिल्हा सीमेपर्यंत जोडरस्ता' मंजूर झाला. वाघनाल्याच्या काठानं तो जाणार होता. कुंडी एका हाताला, उंबरझरी दुसऱ्या हाताला, आणि दोन्ही गावांना तो सारखाच जवळ. पुढल्या वर्षी त्यावरून एसटी सुरू झाली.

पुस्तकही निघालं. काळमेघ सरांनी माझं वाक्य वाचून चष्मा काढला. "विमलबाई, 'म्हशींचं डबकं' नको हो. 'एक लहान जलाशय' म्हणू." तेवढी तडजोड मी केली.

एसटी सुरू झाल्यानंतरच्या श्रावणात, एका सकाळी मी शाळेला निघत होते, तर दारात शेवंता. हातात गाठोडं, पोट पुढे, कपाळाला घाम.

"अगं, तू? एकटी?"

"काय करू मंग? काल बाबा गाडी घेऊन आले, म्हणे कुंडीले चाल. मामाजी म्हणे, आमच्या घरून हालाचं नाई. तुह्या नवऱ्याले विचार म्हणे. तो गरीब बिचारा दोघाईच्या मधात उभा. रातभर त्याईचं चालू होतं, तवर मले कळा लागल्या. एसटीचा आवाज आला. मी जाऊन बसली." तिनं दाराची चौकट घट्ट धरली. "दवाखान्यात घेऊन चाला, बाई. लवकर."

मी शाळेत निरोप पाठवला आणि तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत मी व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. जगातल्या सगळ्या नद्या मला पाठ होत्या, पण त्या दुपारी एकही आठवेना. मग आतून रडणं ऐकू आलं, बारीक आणि चिडलेलं. नर्सनं दार उघडून सांगितलं, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत.

दुपारच्या एसटीनं दोघे आजोबा आले. एकाच सीटवर बसून आले होते, कारण गाडीत दुसरी जागा नव्हती. मागून शेवंताचा नवरा, हातात दोन घरचे दोन डबे. बातमी ऐकल्यावर शामराव नुसते डोळे पुसत राहिले आणि बळीरामांना एका जागी बसवेना. ते पुन्हा पुन्हा दाराकडे जात आणि परत येत. मग दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले, आणि थोड्याच वेळात मला ऐकू आलं:

"इथून कुंडीले नेऊ. माहेरपण व्हायले पायजे."

"काहून? आमच्या घरी लेकराले जागा नाई काय?"

मी कानावर हात ठेवून आत गेले. शेवंता पलंगावर पडली होती, चेहरा पांढरा पडलेला पण डोळे तसेच. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं. बराच वेळ मी तिच्याशी बोलत बसले, आणि बोलता बोलता लक्षात आलं की बाहेर सामसूम झाली आहे.

दार अर्धं उघडून बघितलं. आदल्या दिवसापासून दोघांच्याही डोळ्याला डोळा लागला नसावा. बळीराम बसल्या बसल्या झोपले होते, त्यांचं डोकं शामरावांच्या जाड खांद्यावर कलंडलं होतं, आणि शामराव तोंड उघडं टाकून घोरत होते.

"बाळ दाखवायला उठवू का त्यांना?" मी विचारलं.

शेवंतानं मान उचलून दारातून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"नका उठवू, बाई," ती म्हणाली. "घडीभर असेच राहू द्या."